केसपेपरवर आधी बाळाचं वय

सकाळी साडेआठ

जुलैचा दुसरा आठवडा. पूर्व विदर्भात धानाची रोवणी जोरात आहे आणि आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागासमोरची रांग नेहमीपेक्षा लांब आहे. दिवसभर बांधीतल्या पाण्यात वाकून उभं राहायचं, ओल्या लुगड्यानं घरी यायचं, आणि धुतलेले कपडे वाळतच नाहीत म्हणून दमटच अंगावर चढवायचे. नायटा, चिखल्या, खरूज यांना याहून सोयीचे दिवस नाहीत. रांगेतल्या बऱ्याच जणींच्या मांडीवर मूल आहे.

केसपेपर माझ्याकडे सरकवण्याआधी आमच्या सिस्टर प्रत्येक तरुण बाईला विचारतात, "अंगावर पाजता का?" हो म्हटलं की वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं बाळाचं वय लिहायचं, आणि बाळ नुसत्या दुधावर आहे की वरचं खातं तेही. ही पद्धत मी इथे आल्यावर सुरू केली आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. औषध ठरवताना मला या दोन गोष्टी सगळ्यात आधी लागतात. तीन आठवड्यांचं बाळ केवळ आईच्या दुधावर असतं, आणि त्याचं यकृत, मूत्रपिंड अजून औषध बाहेर टाकण्याइतकी तयार झालेली नसतात. नऊ महिन्यांचं बाळ वरणभात खातं, दूध दिवसातून तीन-चारदाच पितं आणि आलेलं औषध बऱ्यापैकी निपटून टाकतं. आईच्या औषधानं बाळाला त्रास झाल्याच्या वैद्यकीय नोंदी पाहिल्या तर त्यांतली बहुतेक बाळं दोन महिन्यांच्या आतली आहेत. म्हणून एकच गोळी एकीला बिनघोर देता येते आणि दुसरीला देताना थांबावं लागतं.

नऊ

पहिलीच बाई नायट्याची. बाळ चार महिन्यांचं, नुसत्या दुधावर. परकराचा नाडा बसतो तिथून सुरू झालेला चट्टा कंबरभर पसरला आहे, आणि छातीखालच्या घडीतही दोन्हीकडे लालसर कडा दिसते. बाळाच्या गालावर, दूध पिताना जो गाल आईला टेकतो त्याच गालावर, रुपयाएवढं गोल आहे.

पिशवीतून ती एक चेपलेली नळी काढते. गावातल्या औषधाच्या दुकानातून नवऱ्यानं आणली, चिठ्ठी नव्हती. नळीवरची बारीक अक्षरं मी तिच्यासमोर मोठ्यानं वाचते, कारण हे तिला ऐकू गेलं पाहिजे: बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध, आणखी एक जंतूंचं, आणि क्लोबेटासोल. यातलं शेवटचं म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरदार. ते लावलं की दुसऱ्या दिवशी खाज थांबते, म्हणून माणूस खूश होतो आणि शेजारणीलाही तीच नळी सुचवतो. बुरशी मात्र मरत नाही. त्वचेची प्रतिकाराची ताकद दडपली गेल्यामुळे ती आत आणि आजूबाजूला पसरत जाते, चट्ट्याचं रूप बदलतं आणि डॉक्टरलाही ओळखू येईनासं होतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतभर नायटा इतका चिवट झाला त्यात या मिश्र मलमांचा मोठा वाटा आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या नावानं २०२० मध्ये नोंदली गेलेली बुरशी टर्बिनाफिनच्या गोळ्यांनाही अनेकदा दाद देत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ही नळी माझ्या टेबलावर रोज येते.

पाजत्या आईच्या बाबतीत माझा राग दुप्पट आहे. क्लोबेटासोल छातीखालच्या घडीत, दमट जागेत, दिवसातून दोनदा लावलं जात होतं. घडीतली त्वचा पातळ, तिथून औषध जास्त शोषलं जातं आणि बाळाचं तोंड बोटभर अंतरावर.

"मॅडम, मंग दूध तोडू का?" ती विचारते. हा प्रश्न मला दिवसभर ऐकायचा असतो.

नाही. तोडायची ती नळी. साधं एकाच औषधाचं क्लोट्रिमॅझोल मलम देते. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जास्त लावायचं आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे थांबवायचं नाही. त्वचेवर लावलेल्या अशा मलमातलं फार थोडं रक्तात जातं, रक्तातलं त्याहून थोडं दुधात, आणि दुधातून बाळापर्यंत जे पोहोचतं ते नगण्य. इतक्या पसरलेल्या नायट्याला एरवी मी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या असत्या. पाजत्या आईला त्या टाळते, त्या अंगात फार दिवस रेंगाळतात. गोळीच लागली तर फ्लुकोनॅझोल आहे. ते दुधात उतरतं, पण नवजात बाळाला बुरशीच्या आजारात आपण जे थेट तोंडानं देतो त्यापेक्षा दुधातून जाणारं कमीच भरतं. आज मलमावर काम भागेल असं वाटतं. बाळाच्या गालालाही तेच मलम, अगदी पातळ. नवऱ्याला पुढच्या खेपेला सोबत आणायचं, कारण ती नळी तोही लावतो आहे.

पावणेदहा ते साडेदहा

पाच-सहा केस भराभर होतात. चिखल्यांची एक. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळतात म्हणून घाबरलेल्या दोघी. केस गळण्यावर औषध नसतं आणि लागतही नाही. गरोदरपणात जे केस गळायचे थांबले होते ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम गळतात, आणि वर्षभरात डोकं पूर्ववत होतं. मिनॉक्सिडिलची बाटली कुणी घ्यायला सांगितली असेल तर ती आत्ता ठेवून द्या, हिमोग्लोबिन तपासा, एवढंच. त्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन आठ निघतं. मग बोलणं केसांवरून लोहाच्या गोळ्यांवर जातं आणि ते जास्त गरजेचं असतं.

साडेदहा

आता जी आत येते तिच्यासाठी मी दार लावून घेते. वय बावीस, पहिलटकरीण, बाळ सहा आठवड्यांचं. सोबत आई. मुलगी खुर्चीवर नीट टेकतही नाही. ब्लाऊजला आतून सुती फडकी लावलेली, ती ओली. दोन्ही स्तनाग्रं आणि भोवतालचा काळा भाग सुजलेला, त्यावर भेगा, पाझर आणि पिवळसर खपल्या. एका बाजूला जेन्शन व्हायोलेटचा जांभळा डाग अजून आहे.

"पाजायची वेळ आली की रडते जी ही. बाळाच्या आधी हीच रडते," आई सांगते.

काय काय लावलं ते सगळं विचारून घेण्यात माझी दहा मिनिटं जातात, आणि ती वाया गेली असं मला कधी वाटत नाही. खोबरेल, तूप, हळद-कडुनिंबाचा लेप, शेजारणीनं दिलेलं सुवासिक मलम, दर वेळी पाजण्याआधी साबणानं धुणं. शेवटी जांभळं औषध, ते तर नाजूक त्वचेला आणि बाळाच्या तोंडाला आणखी सोलतं. लहानपणी कोपरांत, गुडघ्यांमागे खाजरे चट्टे यायचे का? यायचे. म्हणजे हे इसब आहे. साबणानं आणि लेपांनी ते पेटवलं, आणि बाळ नीट पकडत नसल्यामुळे रोज नव्यानं सोललं जात आहे.

एका दवाखान्यात तिला पंधरा दिवस पाजणं बंद करायला सांगितलं होतं. त्या सल्ल्यावर घरात पावडरच्या दुधाचा डबाही आला. पंधरा दिवस म्हणजे काय होतं ते मी दोघींना सांगते. छाती दगडासारखी भरते, गाठी होतात, ताप येतो, कधी गळू. दूध काढलं गेलं नाही की शरीर ते बनवणं कमी करतं, आणि पंधरा दिवसांनी बाळ परत छातीला लावलं तर तिथे पुरेसं दूध नसतं. पावसाळ्यात गावातल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध सहा आठवड्यांच्या बाळाला जुलाब देऊ शकतं. इतकं सगळं एका इसबासाठी, जे आठवडाभरात आटोक्यात येतं.

उपचार साधा आहे, पण नेमका करायला हवा. सौम्य ते मध्यम ताकदीचं स्टेरॉइड क्रीम, दिवसातून दोनदा, बाळाचं पिऊन झाल्या झाल्या. मुगाच्या दाण्याएवढं, पातळ पसरायचं. पुढच्या वेळेपर्यंत दोन-तीन तास मिळतात, त्यात ते जिरतं. तरी पाजण्याआधी ओल्या मऊ फडक्यानं हलकेच पुसून घ्यायचं. घासायचं नाही, साबण नाही. आठवडा, फार तर दहा दिवस, आणि मग बंद. मी क्रीम देते, चिकट मलम नाही, कारण त्यातलं पॅराफिन बाळाच्या पोटात जात राहतं.

"पण मॅडम, स्टेरॉइड? पोराले काही झालं तं?"

तिची भीती निराधार नाही, म्हणून मी ती उडवून लावत नाही. वैद्यकीय साहित्यात एका दोन महिन्यांच्या बाळाची नोंद आहे. आई स्तनाग्रं दुखतात म्हणून बाळ जन्मल्यापासून एक वेगळ्याच जातीचं स्टेरॉइड लावत होती, शरीरातल्या मिठावर जोरदार परिणाम करणारं. बाळाचा चेहरा गोल सुजला, रक्तदाब फार चढला, वाढ खुंटली, रक्तातल्या क्षारांचा तोल गेला. त्या आईनं काय लावलं, किती दिवस लावलं आणि कुठे लावलं, या तिन्हींनी मिळून ते घडवलं. तिला हे मी एवढ्या शब्दांत नाही सांगत. सांगते ते असं, की मी देते ते औषध हलकं आहे, दिवस मोजून देते आहे, आणि आठव्या दिवशी तू मला दाखवायला यायचं आहेस. तारीख केसपेपरवर गोल करून देते.

मग प्रसूती कक्षातल्या सिस्टरला फोन. त्या येतात, मुलीच्या पाठीशी उशी लावतात, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावतात आणि तोंड मोठं उघडेपर्यंत थांबतात. नुसतं टोक नाही, काळा भाग जास्तीत जास्त तोंडात. पहिल्या दोन प्रयत्नांत ती दात आवळते. तिसऱ्यांदा बाळ नीट पकडतं आणि तिचे खांदे खाली येतात. फारच दुखेल त्या वेळी हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायचं, हेही सिस्टर तिला शिकवतात. माझ्या चिठ्ठीइतकंच हे औषध आहे आणि ते सिस्टरच्या हातात आहे.

तिच्या आईला मी बाहेर जाता जाता आणखी एक सांगते, कारण तिची चाळिशी उलटली आहे. एकाच बाजूच्या स्तनाग्रावर इसबासारखं काही असेल आणि तीन आठवड्यांच्या उपचारानंतर ते हलत नसेल, तर तुकडा तपासायला घ्यावा लागतो. स्तनाचा एक कॅन्सर, पॅजेटचा, असाच इसबाच्या वेशात येतो. मुलीच्या वयात, दोन्ही बाजूंना, ती शक्यता फार दूरची. आईनं मात्र लक्षात ठेवावं.

पाजणं थांबवायला मी कधी सांगतच नाही असं नाही. स्तनावर पाण्याचे बारीक फोड घोसासारखे आले आणि आगआग होत असेल तर ते हर्पिस असू शकतं, आणि नवजात बाळाला हर्पिस जिवावर बेततो. तेव्हा त्या बाजूनं पाजणं फोड पूर्ण भरेपर्यंत बंद, जखमेला लागलेलं दूध फेकून द्यायचं, दुसऱ्या बाजूनं चालू. आईला असायक्लोविर सुरू करायचं, ते दुधातून फार थोडं जातं. एवढा फरक डॉक्टरनं करायलाच हवा. "सगळं बंद करा" म्हणणं सोपं आहे, आणि त्याची किंमत डॉक्टर सोडून सगळे भरतात.

साडेअकरा

खरजेचं एक अख्खं घर. आजी, सून, दोन मुलं, पाच आठवड्यांचं बाळ. सगळे बोटांच्या बेचक्यांत खाजवत आहेत. बाळाच्या तळहातांवर आणि तळपायांवर पुळ्या. इथे औषधापेक्षा एकाच रात्रीचं गणित महत्त्वाचं. एकानं आज लावलं, दुसऱ्यानं परवा, तर किडा घरातच फिरत राहतो.

मोठ्यांना पाच टक्के पर्मेथ्रिन, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली, बेंबीत, रात्रभर. सकाळी अंघोळ, आठवड्यानं पुन्हा एकदा. सुनेला वेगळं सांगायचं ते हे, की रात्री बाळ उठेल तेव्हा स्तनावरचं औषध धुवायचं, पाजायचं आणि पुन्हा लावायचं. पाजणाऱ्या बाईला हे औषध चालतं, अंगात ते अगदी कमी शोषलं जातं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, त्याला पर्मेथ्रिन नाही. आमचे फार्मासिस्ट त्याच्यासाठी व्हॅसलीनमध्ये गंधक खलून मलम करून देतात. वास येतो, कपडे खराब होतात, पण इतक्या कोवळ्या बाळासाठी ते जुनं औषध अजून विश्वासाचं आहे. जुनं लिंडेनचं लोशन कुणाच्या घरात उरलं असेल तर ते पाजतीला नाही, बाळाला तर मुळीच नाही, ते मज्जासंस्थेवर जातं. कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुवायची. वाळणार नाहीत अशा पावसात गाठोडं करून तीन-चार दिवस बाजूला बांधून ठेवली तरी किडा मरतो.

नवरा बाहेरगावी कामाला आहे, शनिवारी येतो. मग औषध शनिवारी रात्रीच लावायचं ठरतं, सगळ्यांनी मिळून.

सव्वाबारा

अंगणवाडी सेविका आहेत, ओळखीच्या. सोरायसिस जुना. गरोदरपणात तो जवळजवळ गेला होता आणि बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यात कोपर, नडगी, डोकं सगळीकडे उसळला. हे अनेकींत असंच होतं. बाळ आता पाच महिन्यांचं.

"मॅडम, त्या आठवड्यातून एकदाच्या गोळ्या द्या ना. मला त्यांनीच बरं वाटलं होतं."

त्या मेथोट्रेक्सेट म्हणत आहेत. पेशी वाढू न देणारं औषध. दुधात ते थोडंच उतरतं, पण वाढत्या बाळाच्या पेशींत साठू शकतं, म्हणून पाजत असताना मी ते देत नाही. ॲसिट्रेटिनही नाही, ते महिनोन्महिने अंगात राहतं. मग उरतं काय? उरतं पुष्कळ, आणि तेच मी त्यांना दाखवते. खाली आमच्याकडे अल्ट्राव्हायोलेट किरणांचं कपाट आहे, ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याचे दिवे. त्यात उभं राहायचं काही सेकंदांपासून सुरू करून काही मिनिटांपर्यंत, आठवड्यातून तीनदा. गोळी नाही, म्हणून दुधात जाण्यासारखं काही नाही. स्तनाग्रं तेवढी झाकायची. नडगीवरच्या जाड चट्ट्यांना जोरदार स्टेरॉइड चालतं, कारण ती जागा बाळाच्या तोंडापासून दूर आहे. बाळ मांडीवर घेण्याआधी मात्र ती जागा कपड्यानं झाकायची. डांबराचं मलम छातीवर नाही. अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत भरपूर व्हॅसलीन, हे रोज.

अडचण औषधाची नसून एसटीची आहे. गाव लांब, बस दोनच, बाळ सोबत. आठवड्यातून तीन चकरा त्यांना जमणार नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मंगळवारी त्यांची तालुक्याला मीटिंग असते आणि शनिवारी बाजार. दोन दिवसांवर तडजोड होते. परिणाम हळू येईल, येईल मात्र. बाहेर एका माणसानं मुळासकट रोग काढतो म्हणून दिलेली काळी पुडी त्या पर्समधून काढतात. आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नाही. अशा काही पुड्यांत शिसं, पारा, कधी कुटून टाकलेलं स्टेरॉइडही सापडलेलं आहे, आणि शिसं दुधातून जातं. पुडी मी ठेवून घेते.

दीड

डबा खाताना फोनवर लॅक्टमेड उघडून बसते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं सुरू केलेला हा औषध आणि स्तनपान यांचा साठा फुकट आहे आणि सतत ताजा होतो. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर विसंबलं तर पाजत्या बाईला जवळजवळ काहीच देता येणार नाही. तिथे "स्तनदा मातांमध्ये सुरक्षितता सिद्ध नाही" असं छापलेलं असतं, आणि त्याचा अर्थ अनेकदा इतकाच, की कंपनीनं पाजत्या बायकांवर अभ्यास केलेला नाही. औषध धोक्याचं आहे असं त्यात म्हटलेलं नसतं. मी वेगळं पाहते: आईच्या वजनाच्या हिशेबानं तिला मिळणाऱ्या मात्रेच्या किती टक्के बाळाला दुधातून मिळतं. दहा टक्क्यांच्या आत असेल आणि औषध स्वभावानं विषारी नसेल तर बहुधा चालतं. आमच्या दोन तरुण डॉक्टरांना मी हे तपासायची सवय लावली आहे. अंदाजानं "बंद करा" म्हणायला मिनिट लागतं, तपासायला तीन.

अडीच

प्रसूती कक्षातून बोलावणं. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी अंगभर पित्त उठलं आहे. अंगावर लाल गांधी, ओठ सुजलेले नाहीत, श्वास ठीक. कुणीतरी झोप आणणारी जुनी पित्ताची गोळी लिहिली आहे. ती बदलून सेटिरिझिन लिहिते. जुन्या गोळ्यांनी बाळही गुंगतं, नीट ओढत नाही, आणि आईचं दूध अजून यायचं असताना ते कमी होऊ शकतं. शेजारच्या खाटेवरची विचारते, चेहऱ्यावरच्या वांगासाठी मैत्रिणीनं दिलेली क्रीम लावू का. हायड्रोक्विनोन आहे. लावलेल्यातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त अंगात शोषलं जातं, इतकं शोषलं जाणारं दुसरं मलम मला चटकन आठवत नाही. आत्ता नाही. पदर, छत्री, सनस्क्रीन. वांग बाळंतपणानंतर आपणहूनही बरंच उतरतं.

साडेतीन

आशाताई एका बाईला घेऊन आल्या आहेत. घरोघरच्या तपासणीत त्यांना ती सापडली. पाठीवर, दंडावर, मांडीवर फिकट चट्टे, मी सात मोजते. डोळे मिटायला सांगून कापसाची वात चट्ट्याला लावते. "लागलं की सांग." ती सांगत नाही. चट्ट्याबाहेर लावली की लगेच "हो" म्हणते. कोपरामागची नस हाताला जाड लागते.

हा कुष्ठरोग. तिची मुलगी तीन महिन्यांची आहे आणि या क्षणी तिच्या पदराखाली दूध पिते आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात हा शब्द उच्चारताना डॉक्टरला जपून राहावं लागतं. वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी उभं केलेलं आनंदवन इथून जवळ आहे. कुष्ठरोगी माणसाला माणूस म्हणून उभं करणारी ती जागा. पण त्याच जागेच्या नावानं तिला आज भीती वाटते. "मले आनंदवनात ठेवान का? मुलगी माह्याजवळ राहीन ना?"

घरी राहशील, मुलगी तुझ्याजवळ राहील, आणि तिला तू पाजशील. हे मी तिच्याकडे आणि तिच्या सासूकडे बघून दोनदा सांगते, कारण आज दिलेल्या औषधांपेक्षा या वाक्यावर जास्त अवलंबून आहे. बहुविध औषधोपचार गरोदर आणि पाजत्या बायकांना चालतो, जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची भूमिका तीच आहे. पाचाहून जास्त चट्टे म्हणून तिला बारा महिन्यांचा कोर्स. महिन्यातून एकदा रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन समोर बसवून, बाकी दिवस क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन घरी. सगळं फुकट. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तिच्यापासून संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो.

मग येतो तो भाग, जो सांगितला नाही तर कोर्स तिसऱ्या महिन्यात तुटतो. रिफॅम्पिसिनच्या दिवशी लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. क्लोफाझिमिननं तिची कातडी तांबूस-काळसर होत जाईल. आणि ते दुधात उतरतं, त्यामुळे दूध किंचित रंगू शकतं आणि मुलीचा रंगही सावळू शकतो. सासू एकदम पुढे सरकते. मी तिचाच हात धरते. हा रंग आहे, रोग नाही. औषध संपल्यावर काही महिन्यांनी मुलीचा रंग परत येईल. गावात कुणी म्हणालं की पोरीला आईचा रोग लागला, तर तुम्हीच सांगायचं आहे की डॉक्टरनं आम्हाला हे आधीच सांगितलं होतं. डॅप्सोनमुळे मुलगी पिवळी किंवा फिकी वाटली, तर मात्र त्याच दिवशी घेऊन यायचं, काही कुटुंबांत जी-सिक्स-पीडी या एंझाइमची कमतरता असते आणि अशा बाळांचं रक्त फुटतं. आजच तिची चाचणी पाठवते.

अजून एक इशारा. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत शरीराची प्रतिकारशक्ती पुन्हा जोर धरते आणि तेव्हा कुष्ठरोगात रिॲक्शन येण्याची शक्यता वाढते. चट्टे एकदम लाल, सुजलेले, कोपर दुखणं, बोटांतली ताकद कमी होणं. असं झालं तर एक दिवसही थांबायचं नाही, कारण नस गेली तर हात वाकडा होतो. त्यावर प्रेडनिसोलोन देतो, तेही पाजताना चालतं. मात्रा मोठी असली तर गोळी घेतल्यावर चार तास थांबून पाजायचं, तेवढ्यानं दुधातलं आणखी कमी होतं.

घरातल्या दोन वर्षांवरच्या सगळ्यांना तपासून रिफॅम्पिसिनचा एकच डोस देण्याचं आशाताई लिहून घेतात. नवरा दारात उभा आहे, अजून एक शब्द बोललेला नाही. त्याला आत बोलावते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, २०१९ मध्ये ते काढून टाकलं गेलं. हे मी त्याला आज सांगत नाही, त्याची गरज पडू नये. त्याला गोळ्यांचं पाकीट दाखवते, कोणत्या दिवशी कोणती. तो पाकीट उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, पहिली गोळी आत्ता इथेच घ्यायची का. हो, आत्ताच. तो पाणी आणायला जातो.

साडेपाच

नोंदी. प्रत्येक पाजत्या आईच्या कागदावर मी औषधाशेजारी बाळासाठी काय पाहायचं ते मराठीत लिहिते: जास्त झोपतं का, कमी पितं का, जुलाब, पुरळ, रंग. छापील चिठ्ठीवर त्यासाठी जागाच नाही, समासात लिहावं लागतं. नव्या चिठ्ठीत एक चौकट द्या, असं मी वर लिहून पाठवलं आहे आणि पुन्हा पाठवणार आहे.

रात्री सव्वानऊ

प्राथमिक आरोग्य केंद्रातून तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा फोन. रोवणीवरून आलेली बाई, पायाच्या चिखल्यांमधून जंतू वर चढलेले, नडगी लालभडक, ताप. बाळ सात महिन्यांचं.

"मॅडम, अँटिबायोटिक सुरू करतो. दूध बंद करायला सांगू ना?"

का? कोणतं देतो आहेस? तो अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सांगतो. ते दुधात फार थोडं जातं, बाळाला फार तर शौचाला पातळ होईल किंवा तोंडात पांढरं येईल, तेवढं बघायला सांग. पेनिसिलिनची ॲलर्जी विचार. लालीची कड पेनानं आखून ठेव, सकाळी लाली त्या कडेबाहेर गेली असेल तर मला पाठव. पाय उशीवर. बोटांच्या बेचक्या कोरड्या करून क्लोट्रिमॅझोल, नाहीतर महिन्यानं हेच परत होईल.

"भरती करून घेतो. बाळाला तिची सासू घरी न्यायला तयार आहे."

नको. बाळ आईजवळच ठेव. सासूलाही तिथेच थांबू दे, उचलून द्यायला कुणी लागेल. खाट भिंतीला लावून घे आणि रात्रीच्या सिस्टरला सांग, ही पाजते आहे.